सुपरहिरो कॉमिक्स सुरू कुठून करायची? टाइमलाइन सोडा, रन पकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सिनेमे बघून बॅटमॅन आणि स्पायडरमॅनची कॉमिक्स वाचावीशी वाटली, दुकानात गेलात तर ‘बॅटमॅन व्हॉल्यूम १’ असं लिहिलेली तीन वेगवेगळी पुस्तकं समोर आली, घरी येऊन नेटवर शोधलं तर क्रायसिस, न्यू ५२, रीबर्थ, अर्थ-वन, अर्थ-टू अशी लांबलचक यादी, आणि आता वाटतंय की १९३८ पासूनचं सगळं वाचल्याशिवाय यातलं काही कळणारच नाही, मग सुरुवात नेमकी कुठून आणि कोणत्या क्रमाने.

मी बरीच वर्षं कॉमिक्सच्या काउंटरवर काम केलंय आणि हाच प्रश्न घेऊन आलेली माणसं सगळ्यात जास्त पाहिलीयत, त्यामुळे उत्तर आधी देतो आणि कारणं नंतर. क्रम शोधू नका. एखाद्या हिरोचं चरित्र जन्मापासून वाचायचं असतं हा समजच चुकीचा आहे. कॉमिक्स मोजायची ती हिरोवर नाही, युनिव्हर्सवर तर नाहीच नाही, ती मोजायची ‘रन’वर. रन म्हणजे एका लेखकाने, बहुतेक वेळा एका किंवा दोन चित्रकारांसोबत, एखाद्या सिरीजवर सलग केलेलं काम. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, स्वतःचा एक सूर असतो. एक रन घ्या, तो पूर्ण वाचा, बाकी सगळं जग तुमच्यासाठी थांबलेलं आहे, ते कुठे जात नाही.

आणि सगळं वाचलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात १९३८ मध्ये सुपरमॅन आला आणि त्या मासिकाचा हजारावा अंक २०१८ ला निघाला. बॅटमॅन १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात आला, त्या मासिकाचा हजारावा अंक २०१९ चा. हे एकेकच मासिक झालं हं, दोघांची स्वतःच्या नावाची वेगळी मासिकं आहेत, जोडीची आहेत, जस्टिस लीग या त्यांच्या टीमची आहेत, मिनीसिरीज तर किती असतील. आज बॅटमॅन लिहिणारा लेखकसुद्धा यातलं त्याला लागेल तेवढं उचलतो आणि बाकीचं बाजूला ठेवतो. मग वाचकाने तेच केलं तर काय बिघडलं?

हा गोंधळ झाला कसा ते एकदा कळलं की त्याची भीती बरीच कमी होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या काळात ही कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर दहा सेंटला विकली जायची, वाचक लहान मुलं, आणि धंद्यातला हिशेब असा की पोरगं चार-पाच वर्षं वाचतं, मोठं होतं, सोडून देतं, मग नवं पोरगं येतं. त्यामुळे मागच्या महिन्याच्या गोष्टीशी या महिन्याची जुळली पाहिजे असं फारसं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मग १९५६ ला सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने फ्लॅश हा वेगाने धावणारा हिरो नव्याने आणला, नाव तेच पण माणूस नवा, बॅरी ॲलन, आणि गंमत अशी की हा बॅरी स्वतः जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचणारा दाखवलाय, म्हणजे त्याच्या जगात जुना फ्लॅश ही छापलेली गोष्ट. आणि १९६१ मध्ये ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकात लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार कार्माइन इन्फंटिनो यांनी दोन्ही फ्लॅशना समोरासमोर आणलं, आणि ते जमावं म्हणून दुसरी एक पृथ्वी काढली. आज ज्याला सगळे मल्टिव्हर्स म्हणून घाबरतात ते असं एका गोष्टीची सोय म्हणून आलं. वाचकांना ते आवडलं, दर वर्षी दोन पृथ्वींवरच्या हिरोंच्या भेटी व्हायला लागल्या, मग तिसरी पृथ्वी, मग आणखी, आणि शेवटी १९८५ ला मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ या जोडीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या सिरीजमध्ये सगळ्या पृथ्वी मोडून एकच केली. हेतू काय, तर नव्या वाचकाला सोपं जावं.

सोपं झालं का? हॉकमॅन या डीसीच्या पंखवाल्या हिरोचं बघा. १९८९ ला टिमथी ट्रुमनची ‘हॉकवर्ल्ड’ ही तीन अंकांची मिनीसिरीज आली, फार देखणं काम आहे, हॉकमॅनची एकदम नवीन सुरुवात. ती चालली म्हणून पुढच्या वर्षी मासिक सुरू केलं आणि ठरवलं की हे सगळं आत्ता, वर्तमानकाळात घडतंय, म्हणजे हॉकमॅन पृथ्वीवर आत्ताच येतोय. पण मग क्रायसिसनंतरच्या जस्टिस लीगच्या अंकांत जो हॉकमॅन आधीच येऊन गेला होता तो कोण? तिथून जी सारवासारव सुरू झाली ती काही वर्षं चालली, १९९४ च्या ‘झीरो अवर’मध्ये सगळे हॉकमॅन एकात एक मिसळले तरी गुंता सुटला नाही. पुढे नव्याने मांडणी करायच्या अशाच आणखी खटपटी झाल्या, २००५ ला ‘इन्फिनिट क्रायसिस’, २०११ ला ‘फ्लॅशपॉइंट’ आणि त्यानंतर न्यू ५२ म्हणजे एकदम ५२ सिरीज पहिल्या अंकापासून, २०१६ ला रीबर्थ. ज्यांचा हा पोटापाण्याचा उद्योग आहे, ज्यांच्याकडे संपादक आहेत, अंकांचा साठा आहे, त्यांना हे पक्कं बांधता आलं नाही, तर ते तोंडपाठ नाही म्हणून तुम्ही स्वतःला का कमी लेखताय? आणि ‘हॉकवर्ल्ड’चे ते तीन अंक आजही उचला, ते कुठल्या टाइमलाइनमध्ये बसतात याचा पत्ता नसतानाही पूर्ण कळतात.

स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीची तऱ्हा वेगळी. तिथे १९६१ च्या ‘फँटॅस्टिक फोर’पासून एकच गोष्ट चालू आहे असं मानतात, डीसीसारखं सगळं पुसून नव्याने सुरू केलं असं होत नाही, फक्त काळ सरकवत राहतात. स्पायडरमॅन १९६२ ला आला तेव्हा शाळेतला मुलगा, १९६५ ला २८व्या अंकात त्याची शाळा संपली, आणि आज साठ वर्षांनीही तो तिशीच्या आतबाहेरच आहे. आयर्न मॅन १९६३ ला व्हिएतनाममध्ये पकडला गेला होता, आता टोनी स्टार्कचं वय बघता ते जमणार कसं, म्हणून २०१९ मध्ये मार्व्हलने ‘सियानकाँग’ नावाच्या काल्पनिक देशातलं काल्पनिक युद्ध काढून टोनीसारख्यांचे जुने युद्धाचे संदर्भ तिकडे हलवले. हे तुम्हाला माहीत नसलं तरी आयर्न मॅनची कुठलीही गोष्ट वाचताना अडत नाही, आणि माहीत असलं तर एक चांगली माहिती म्हणून छान वाटतं, इतकंच त्याचं महत्त्व. साठच्या दशकात अंकांमधली चूक शोधून तिचं पटेल असं स्पष्टीकरण लिहून पाठवणाऱ्या वाचकांना मार्व्हल ‘नो-प्राइझ’ पाठवायचं, म्हणजे चक्क रिकामं पाकीट, आणि लोक ते जपून ठेवायचे. म्हणजे न जुळणाऱ्या गोष्टी तेव्हाही होत्या, आणि त्यात वाचकांना मजाच येत होती.

आपल्याकडे तर हा प्रश्न कुणाला पडल्याचं मी ऐकलेलं नाही. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत होती, मराठीतही यायची, आणि मराठी घरांत वेताळ वाचला गेला तो कसा, तर रद्दीवाल्याकडे, फुटपाथवर, मामाच्या गावाला कपाटात जो अंक हाती लागेल तो. वेताळ हा एकविसावा, त्याच्या आधी वीस होऊन गेले, कवटीची गुहा, बांदार लोक, अंगठीची खूण, हे सगळं क्रमाने कुणी शिकवलं नव्हतं. ली फॉक १९३६ पासून वेताळ लिहीत होते आणि त्यांची पद्धतच अशी की गोष्ट सुरू होता होता चार चौकटींत जग समजतं. कधी लग्नाआधीचा वेताळ, कधी दोन पोरांचा बाप झालेला वेताळ, अंक उलटसुलट हाती आले तरी डोक्यात आपोआप जागेवर बसायचे. तुमच्या घरात त्या पिढीचं कुणी असेल तर विचारून बघा, पहिला अंक कोणता असं कुणी शोधत बसलं नव्हतं. ती सवय अमेरिकन सुपरहिरोंनाही तशीच्या तशी लागू पडते.

आता रनकडे. पुस्तकाच्या कण्यावर हिरोचं नाव मोठं आणि लेखकाचं बारीक असतं, तुम्ही उलटं वाचायची सवय करा, आधी लेखक, मग चित्रकार, मग हिरो. आणि ‘नंबर १’वर विसंबू नका. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा पहिला अंक १९६३ ला आला, मग १९९९ ला, मग २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ ला, दर वेळी कव्हरवर ठळक १. विक्रीसाठी ते करतात, कारण नवीन माणूस १ बघून उचलतो. पण त्यातल्या काही १ नंबरांचा खरा अर्थ ‘नवा लेखक आला’ एवढाच असतो, गोष्ट मागून पुढे चालूच असते. म्हणूनच तुम्हाला तीन ‘व्हॉल्यूम १’ दिसले, ते तीन वेगळे रन आहेत, एका पुस्तकाच्या तीन आवृत्त्या नव्हेत.

काउंटरवर मी नवीन माणसाला पहिली गोष्ट दाखवायचो ती पुस्तकाच्या सुरुवातीचं बारीक अक्षरातलं पान, कॉपीराइटचं. त्यात एक ओळ असते की हे पुस्तक मुळात कोणत्या मासिकाच्या कोणत्या अंकांमधून घेतलंय. ‘बॅटमॅन: इयर वन’ उघडलंत तर तिथे ‘बॅटमॅन’ ४०४ ते ४०७ असं सापडेल. एक मासिक, सलग चार अंक, एक लेखक, एक चित्रकार, बिनधास्त घ्या. तेच दुसऱ्या एखाद्या पुस्तकात त्या ओळीत चार-पाच मासिकांची नावं, मधूनमधून उचललेले अंक, दोन स्पेशल, आणि कव्हरवर लेखकांची फौज असेल तर तो क्रॉसओव्हर आहे, म्हणजे अनेक मासिकांत पसरलेली एकच गोष्ट, कितीही आकर्षक दिसला तरी आत्ता ठेवून द्या. दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात हे कळतं आणि कुठलाही वाचनक्रमाचा तक्ता लागत नाही.

सिनेमावरून येणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते बघा. थानोसचा सिनेमा बघून लोक ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ मागायचे, १९९१ ची जिम स्टार्लिनची सहा अंकांची सिरीज. सिनेमातली ती चुटकी त्यात आहे, पहिल्याच अंकात आहे, पण गोष्टीच्या मध्यभागी आहे ॲडम वॉरलॉक, जो त्या सिनेमात अजिबात नाही, आणि सिल्व्हर सर्फरच्या मासिकात आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. माणूस वीस पानांनी परत येऊन विचारणार, हा सोनेरी केसांचा कोण? वाईट कॉमिक नाही ते, पण ते लिहिलंच होतं तेव्हाच्या नियमित वाचकांसाठी. ‘सिव्हिल वॉर’चं तसंच, मुख्य अंक सातच पण खरी भावनिक गोष्ट कितीतरी इतर मासिकांत विखुरलेली. इव्हेंट, म्हणजे अनेक हिरोंना एकत्र आणणारी अशी मोठी गोष्ट, हे जमलेल्या वाचकांसाठीचं स्नेहसंमेलन असतं, तिथे ओळखी करून घ्यायला जाऊ नये. ‘किलिंग जोक’ आणि ‘डार्क नाइट रिटर्न्स’ ही बॅटमॅनची दोन नावंही प्रत्येक यादीत पहिली असतात, पण माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला नकोत. दुसरी म्हातारपणीच्या बॅटमॅनची गोष्ट आहे, तरुण बॅटमॅनशी आधी मैत्री झाली असेल तरच ती लागते.

मग काय वाचायचं. ‘इयर वन’ १९८७ चं, लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली, रंग रिचमंड लुइस यांचे. पहिल्या पानांवर एकाच दिवशी, ४ जानेवारीला, दोन माणसं गॉथममध्ये उतरतात. पोलिस अधिकारी गॉर्डन ट्रेनने येतोय, शहराची घाण खिडकीतून बघत, आणि त्याला वाटतंय बायकोने मात्र विमानानेच यावं, वरून शहर सभ्य दिसतं. ब्रूस वेन विमानाने येतोय, वरून सगळं स्वच्छ दिसतंय, आणि त्याला वाटतंय ट्रेनने यायला हवं होतं, शत्रू जवळून दिसला असता. दोघांच्या मनातलं बोलणं चौकटींत लिहिलंय आणि त्याचं अक्षर वेगवेगळं आहे, ब्रूसचं हाताने डायरी लिहिल्यासारखं तिरकं. अजून बॅटमॅन झालेला नाही, मारामारी नाही, पण त्या दोन प्रवासांत तुम्हाला शहर, दोन माणसं आणि त्यांची पुढची युती सगळं मिळतं. तिथून बरोबर त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंतची गोष्ट, चार अंकांत संपते. मागचं काहीही माहीत असायची गरज नाही.

सुपरमॅन आवडत नाही म्हणणाऱ्यांना मी ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ द्यायचो. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, बारा अंक. पहिलं पान बघा, चार चौकटी, मूळ इंग्रजीत मिळून फक्त आठ शब्द, आणि त्यात सुपरमॅनची अख्खी जन्मकथा: नष्ट होणारा ग्रह, हताश शास्त्रज्ञ, शेवटची आशा, प्रेमळ जोडपं. पान उलटलं की आपण थेट सूर्याजवळ. सत्तर वर्षांची कंटिन्युइटी, म्हणजे अंकागणिक साचत गेलेला सगळा जोडलेला इतिहास, एका पानात सांगून मोकळे झाले, आणि मला विचाराल तर सुपरहिरो कॉमिक्समधलं याहून सुंदर पहिलं पान मी पाहिलेलं नाही. ही सिरीज मुख्य टाइमलाइनच्या बाहेरची आहे, त्याने तिचं काहीही अडलेलं नाही.

मार्व्हलमध्ये ‘हॉकआय’, २०१२ पासूनचा मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांचा रन, सिनेमातला तोच धनुष्यबाणवाला, पण इथे सुट्टीच्या दिवशी घरी असतो, बिल्डिंगमधल्या भाडेकरूंच्या भानगडी निस्तरतो. त्यातला ११वा अंक त्याच्या कुत्र्याच्या नजरेने सांगितलाय. कुत्र्याला माणसांच्या बोलण्यातले मोजकेच शब्द कळतात म्हणून संवादांच्या फुग्यांत बाकी सगळ्या नुसत्या रेघा, आणि माणसं तो ओळखतो वासाने, म्हणून प्रत्येक चेहऱ्याभोवती छोट्या छोट्या खुणांचा नकाशा, कॉफी, पिझ्झा, औषध वगैरे. बिल्डिंगमध्ये झालेल्या खुनाचा छडा त्या खुणांमधून तुम्हीच जोडत जाता. हे सिनेमात होऊच शकत नाही, कादंबरीतही नाही, आणि मला नेहमी वाटतं की कॉमिक्स का वाचावीत याचं उत्तर कंटिन्युइटीत नसून अशा पानांत आहे. ‘मिस मार्व्हल’ही घ्या, २०१४ चा जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांचा रन, जर्सी सिटीतली कमला खान, पाकिस्तानी आईबापांची मुलगी, पहिल्या भागाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरात असेल तर तिच्या हातात हेच द्या. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी पोरींना त्यातली घरची बोलणी न सांगता कळतात.

स्पायडरमॅनसाठी सरळ ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’, २००० साली सुरू झालेला, ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅग्ली. मार्व्हलने मुद्दाम वेगळं जग उघडून पीटरला पुन्हा शाळेत बसवलं. १९६२ ची मूळ जन्मकथा अकरा पानांची होती, इथे तीच गोष्ट अख्ख्या पहिल्या पुस्तकभर चालते, त्यामुळे काका-काकू, शाळा, मेरी जेन सगळ्यांना जागा मिळते. या जोडीने सलग १११ अंक केले, म्हणजे आवडलं तर पुढे भरपूर आहे. याच जगात २०११ ला माइल्स मोरालेस आला. आणि आजचं ताजं काही हवं असेल तर २०२४ ला नवं ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ सुरू झालं, जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो, त्यात पीटर लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, आणि शक्ती त्याला तेव्हा मिळते. डीसीनेही त्याच वर्षी ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ आणला, स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटा, त्यात ब्रूस श्रीमंत नाही. दोन्ही शून्यातून सुरू होतात.

मराठी वाचक म्हणून उत्सुकता असेल तर २००४ चा ‘स्पायडरमॅन: इंडिया’ चार अंकांचा आहे, मुंबईतला पवित्र प्रभाकर, जो नंतर २०२३ च्या ॲनिमेशन सिनेमात आला. वाचायला मजा येते, पण गोष्ट मूळ स्पायडरमॅनच्या साच्यावरच बेतलेली आहे, सुरुवात म्हणून मी नाही देणार.

मध्येच अनोळखी पात्र आलं तर काय, हे पण विचारलंय तुम्ही. काही नाही, पुढे वाचा. चांगला लेखक त्या पात्राबद्दल जे लागतं ते त्याच पानांत सांगतो, आणि जे सांगत नाही ते बहुतेक वेळा लागत नाही. जुन्या कॉमिक्समध्ये तर पात्रं दर अंकात स्वतःची शक्ती स्वतःच समजावतात, क्रिस क्लेअरमाँटचा एक्स-मेनचा रन, १९७५ ते १९९१, वाचलात तर दिसेल, शब्द खूप आहेत पण कुणीही कुठूनही आत येऊ शकतो. वाचताना विकी मात्र उघडू नका. विकीवर पात्राची माहिती त्याच्या आयुष्याच्या क्रमाने लावलेली असते, चाळीस-पन्नास वर्षांत वीस लेखकांनी लिहिलेलं सगळं एका चरित्रात कोंबलेलं, मरण, पुनर्जन्म, क्लोन, सगळं एका दमात, आणि ते वाचून गोंधळ वाढतो आणि पुढच्या गोष्टीही फुटतात. पुस्तक संपल्यावर उघडा, तेव्हा उपयोग होतो.

एक गोष्ट यादी देणारे सांगत नाहीत. बऱ्याच नव्या वाचकांना वाटतं आपल्याला कंटिन्युइटी कळली नाही, पण खरी अडचण असते ती पान वाचायची. ते फक्त फुगे वाचत पळतात, वीस पानांचा अंक पाच मिनिटांत संपतो आणि हाती काही लागत नाही. आधी पूर्ण पान एकदा नजरेखाली घाला, मग चौकट चौकट, कोण कुठे उभा आहे, रंग कुठे बदलला, कोणती चौकट एकदम मोठी झाली. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, प्रवासात ठीक आहे, पण पानाची रचना त्यात जाते, शक्य असेल तर दहा इंची टॅबवर किंवा कागदावर वाचा. ‘हॉकआय’चा तो कुत्र्याचा अंक मोबाइलवर एकेक चौकट करून वाचला तर निम्मा हरवतो.

कंटिन्युइटी वाईट असते असं मात्र मी म्हणत नाही, ती कळायला लागली की फार आनंद देते, फक्त ती मागून येते. ‘इयर वन’मध्ये कारमाइन फाल्कोन नावाचा गुंडांचा म्होरक्या येतो. नंतर कधी जेफ लोब आणि टिम सेल यांचं ‘लाँग हॅलोवीन’ उचललंत, १९९६-९७ चे तेरा अंक, तर तोच फाल्कोन मध्यभागी दिसेल आणि तुम्हाला न सांगता कळेल की हा कोण. त्याच जोडीच्या ‘डार्क व्हिक्टरी’मध्ये सर्कशीतला मुलगा डिक ग्रेसन बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होतो. मग २०११ चा स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांचा ‘कोर्ट ऑफ आउल्स’ घ्या, त्यात ती सर्कस पुन्हा निघते आणि तुम्ही दचकता. हे सगळं तुम्ही पाठ केलं नाही, एका पुस्तकाने दुसऱ्याकडे नेलं. माझ्या ओळखीचे जेवढे पक्के वाचक आहेत, ते सगळे असेच तयार झालेत.

मिळवायचं म्हणाल तर डीसीने २०२४ पासून ‘कॉम्पॅक्ट कॉमिक्स’ नावाने लहान आकाराच्या स्वस्त आवृत्त्या काढल्यात, अमेरिकेत दहा डॉलरच्या आत, ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ आणि ‘कोर्ट ऑफ आउल्स’ दोन्ही त्यात आहेत, चित्रं थोडी बारीक दिसतात पण पहिल्या वाचनाला उत्तम. मार्व्हलसाठी ‘मार्व्हल अनलिमिटेड’ ॲप, महिन्याच्या पैशात जुने हजारो अंक, नवीन अंक साधारण तीन महिन्यांनी येतात, आणि वर सांगितलेलं मार्व्हलचं बहुतेक सगळं तिथे आहे. अमेरिकेत असाल तर आधी सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड काढा, कपाटात ट्रेड, म्हणजे सलग अंक एकत्र बांधलेली पुस्तकं, असतातच, शिवाय बऱ्याच लायब्ररी ‘हूपला’वर फुकट वाचू देतात. ओम्निबस नावाचे ते हजार पानी ठोकळे आत्ता घेऊ नका, महाग आहेत, हातात धरवत नाहीत, आणि रन आवडतो की नाही हे कळायच्या आत पैसे अडकतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या आठवड्यात ‘इयर वन’ घ्या आणि सोबत ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चं पहिलं पुस्तक, बाकी काही नको. ‘इयर वन’ आवडलं तर पुढचा बॅटमॅन शोधायच्या आधी मिलर आणि मॅझुकेली याच जोडीचं १९८६ चं ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ मागा. कंपनी दुसरी, हिरो दुसरा, आधीचे कुठलेच संदर्भ तुमच्याकडे नसतील, आणि तरी पहिल्या दहा पानांत तुम्हाला कळेल की ही तीच माणसं आहेत.